थांबा की आगार?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला ह्या व्यासपीठावर बोलाविले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. येथे एरवी प्राध्यापक, डॉक्टर, वकील अशी शिकलेली मंडळी बोलतात. आमचे शाळेतील शिक्षण सातवीत संपले. पुढचे शिक्षण बंदरावरच्या पाळ्यांत, कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा भाषणात काही उणे आढळले तर ते आमच्या पदरी घालावे आणि काही बरे आढळले तर ज्या कामगारांनी आम्हांला शिकविले त्यांच्या पदरी घालावे.

आजचा विषय आहे, दूरच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवरील महाकाय प्रवासी विमाने. तो जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने हसून विचारले, "अहो, आपला जन्म लाँचवर गेला. विमानावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. पण आमचे उत्तर असे की, लाँचवर जन्म गेला म्हणूनच बोलणार. भाऊच्या धक्क्याहून निघालेली लाँच ओहोटीच्या वेळी मोऱ्याला आली की गाळामुळे कशी पंचाईत होते आणि प्रवाशांचा कसा खोळंबा होतो, हे आपण सर्व जाणता. त्या लाँचने आम्हांला एक गोष्ट शिकविली. वाहन केवढे मोठे, हा प्रश्न कधी एकटा येत नाही. त्याच्यामागून आणखी तीन प्रश्न येतात. त्याला बंदर कोण देणार? ते भरणार कोण? आणि त्याच्यावर पोट कोणाचे भरणार? आजचे सारे विवेचन आम्ही ह्या तीन प्रश्नांना धरून करणार आहोत.

हा विषय आज आपल्या दाराशी आला आहे. पलीकडे उलव्याला, टेकडी कापून आणि नदीचे पात्र वळवून, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे वाहतूक सुरू झाली. धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी आणि पुढे सर्व टप्पे मिळून ९ कोटी, असा संकल्प आहे. चहाच्या टपरीवर तरुण मुले एकमेकांना विचारतात, "दुमजली विमान आपल्याकडे कधी उतरणार?" मुलांनी तसे विचारावे. आपण प्रौढांनी मात्र त्याच्या पुढचे विचारले पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका इंजिनाचे चिमुकले विमान जुहूच्या मैदानावर उतरविले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हा करीत मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली हा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. त्यांत दीडशेच्या आसपास माणसे बसत. मग १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईत 'सम्राट अशोक' उतरले. ते बोइंग ७४७ होते. त्याला जगाने जंबो म्हटले. साडेतीनशेच्या वर माणसे, १८ चाके आणि शेपटाची उंची सहा मजली घराएवढी. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारखी नक्षी रंगविली होती. देश गरीब होता, पण त्या विमानाचा अभिमान गरिबालाही वाटला; आणि त्यात वावगे काही नव्हते, कारण ते विमान सर्वांच्या मालकीचे होते.

आता पहिला प्रश्न, बंदराचा. विमान वाटेल तेवढे मोठे का करता येत नाही? मचवा बांधणाऱ्या सुताराला विचारा, तो सांगेल. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट केली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट होते. विमान पंखांवर तरंगते. म्हणजे वजन आठपट आणि उचलणारा पंख मात्र चौपट. म्हणून मोठ्या विमानाला प्रमाणापेक्षाही मोठे पंख आणि बळकट इंजिने लागतात. एअरबस कंपनीचे ए-३८० हे दुमजली विमान घ्या. त्याच्या पंखांचा पसारा जवळजवळ ८० मीटर आहे. तो याहून वाढविला नाही, कारण विमानतळावर विमान उभे करण्याची सर्वांत मोठी चौकट जगाने ८० मीटरांची ठरविली आहे. भरल्या पोटी त्याचे वजन ५७५ टनांपर्यंत जाते. टाक्यांत ३,२०,००० लिटर इंधन मावते. चाके २२. त्याला धावपट्टी रुंद हवी, धावपट्टीकडे नेणारे रस्ते रुंद हवेत, वरच्या मजल्याला लावायला वेगळा पूल हवा. त्याच्यामागे हवेत भोवरे उठतात, म्हणून पुढच्या विमानाला जास्त अंतरावर थांबावे लागते.

आपल्यासारख्या बंदरच्या माणसांना मौज वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. हे विमान मुळात पाण्यावरून आले. त्याचे पंख वेल्समध्ये होत आणि डी नदीतून बार्जवर लादून समुद्राकडे जात. धडाचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला होत. हे सारे जहाजाने फ्रान्समध्ये बोर्डोजवळ येई, तेथून गारोन नदीत पुन्हा बार्जवर चढे आणि शेवटी रात्रीच्या वेळी, गावे झोपली असता, ट्रकांच्या काफिल्याने तुलूझच्या कारखान्यात पोहोचे. जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान बार्जवाल्यांच्या आणि ट्रकवाल्यांच्या खांद्यावर बसून कारखान्यात शिरले, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ हसलो. कोणतेही महाकाय यंत्र घ्या, त्याच्या बुडाशी कोणीतरी दोरखंड ओढणारा असतोच.

एवढ्या माणसांना संकटात बाहेर कसे काढायचे, हाही बंदराचाच प्रश्न. नियम असा की, अर्धी दारे बंद ठेवून ९० सेकंदांत विमान रिकामे झाले पाहिजे. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला ही चाचणी झाली. ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी अशी ८७३ माणसे अंधारात ७८ सेकंदांत खाली उतरली. ह्या परीक्षेत यंत्र पास झाले, तसे ते दाराशी उभे राहून हाका मारणारे कर्मचारीही पास झाले. हवाई सुंदरी म्हणजे चहा-सरबत देणारी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती दारावरची पहारेकरी असते.

त्या भगिनींच्या हक्काचा एक लढा याच जंबोच्या काळात झाला. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे पहिल्या गरोदरपणीच त्यांची नोकरी जाई. २८ ऑगस्ट १९८१ रोजी नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. लग्नासंबंधीची अट मात्र न्यायालयाने कायम ठेवली. सारे एका खटल्यात मिळत नसते, हे कामगारांना सांगण्याची गरज नाही.

मोठ्या विमानाने सामान्य माणसाला काय दिले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एका फेरीत जास्त माणसे बसली म्हणजे माणशी खर्च उतरतो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि आपल्या कोकणातून, श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेडच्या बाजूने, तरुणांची रीघ तिकडे लागली. पूर्वी परदेशी जाणे हे बॅरिस्टरांचे आणि व्यापाऱ्यांचे काम होते. आता गवंडी, सुतार, वायरमन आणि खलाशी विमानात बसू लागले. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून कौलारू घरे पक्की झाली, बहिणींची लग्ने झाली. मोठे विमान नसते तर ही रहदारी एवढ्या भराभर झाली नसती. १९९० साली कुवेतवर इराकने आक्रमण केले, तेव्हा अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाने शेकडो फेऱ्या करून अम्मानहून घरी आणले. नफातोट्याच्या वहीत त्या फेऱ्यांचे मोल कोणत्या रकान्यात मांडायचे, हे आम्हांला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

पण मोठ्या वाहनाचा अपघातही मोठा असतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेले तेच 'सम्राट अशोक' वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे होती, एकही वाचला नाही. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखविणारे एक उपकरण बिघडले आणि काळोखात, खाली समुद्र असताना, वैमानिकाचा अंदाज चुकला. २३ जून १९८५ रोजी 'सम्राट कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जीव गेले. त्याच दिवशी जपानमध्ये नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात चढवायच्या सामानात स्फोट झाला व सामान उचलणारे दोन कामगार ठार झाले. कनिष्कच्या स्मृतिदिनी त्या दोघांची आठवण फार थोड्यांना होते. आपण करावी, ते आपल्या जातीचे, म्हणजे हमालाच्या जातीचे होते. लहान विमान घेतले म्हणजे धोका टळला, असेही नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला पडलेले बोइंग ७८७ हे दोन इंजिनांचे आणि नव्या पिढीचे होते. त्यात विमानातील २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले.

आता दुसरा प्रश्न, भरतीचा. विमान मोठे केले, पण ते रोज भरणार कोण?

येथे दोन मतांची झुंज झाली. एअरबसचे मत असे की, जगातील मोठ्या शहरांचे विमानतळ भरून चालले आहेत. धावपट्ट्या वाढत नाहीत, माणसे वाढतात. तेव्हा थोड्या फेऱ्यांत जास्त माणसे न्यावी. सर्व लहान गावांची माणसे एका मोठ्या नाक्यावर गोळा करावी आणि तेथून मोठ्या विमानाने दुसऱ्या मोठ्या नाक्याला न्यावी. मुंबईकडे पाहिले तर हे म्हणणे चूक वाटत नाही. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. आणि तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. तेथे उतरण्याची एक-एक वेळ सोन्याच्या मोलाची. बोइंगचे मत असे की, माणसाला नाक्यावर गाडी बदलणे आवडत नाही. त्याला घरून निघावे आणि थेट मुक्कामाला पोहोचावे, असे वाटते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा एस.टी. आणि मिनिडोरचा झगडा आहे. एस.टी.त चाळीस-पन्नास माणसे बसतात, भाडे कमी, पण ती वेळेवर आणि ठरल्या वाटेने जाते. मिनिडोर लहान, चटकन भरते, चटकन सुटते आणि तुम्हांला हव्या त्या फाट्यावर सोडते. एस.टी. भरली तर तिच्याएवढे स्वस्त काही नाही. पण निम्मी रिकामी धावली, तरी डिझेल तेवढेच जळते. रिकाम्या आसनाला भाडे नसते, पण वजन असते.

ह्या झगड्यात मिनिडोर जिंकली, त्याचे कारण इंजिनांत आहे. पूर्वी नियम असा होता की, दोन इंजिनांच्या विमानाने कोणत्याही विमानतळापासून साठ मिनिटांच्या वाटेपलीकडे जाऊ नये; न जाणो, एक इंजिन बंद पडले तर! म्हणून महासागर थेट ओलांडायचा तर तीन किंवा चार इंजिने घेणे सोयीचे पडे. पुढे इंजिने इतकी भरवशाची झाली की, १९८५ मध्ये ही मर्यादा काही विमानांना १२० मिनिटांपर्यंत, नंतर १८० पर्यंत आणि पुढे त्याहूनही वाढवून मिळाली. एकदा दोन इंजिनांवर महासागर पार होऊ लागला, मग चार इंजिनांना इंधन पाजायचे कशाला? १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाचे दोन इंजिनांचे बोइंग ७७७ मुंबईहून न थांबता न्यूयॉर्कला जाऊ लागले. ए-३८० ची पहिली प्रवासी फेरी, सिंगापूर ते सिडनी, त्यानंतर झाली. २५ ऑक्टोबर २००७ रोजी. म्हणजे महाकाय विमान बाजारात आले, त्याच्या आधीच त्याचा वारस कामाला लागला होता.

परिणाम काय झाला? एअरबसचा होरा होता की, जगाला अशी बाराशेच्या आसपास मोठी विमाने लागतील. प्रत्यक्षात ए-३८० ची २५१ विमाने गिऱ्हाइकांकडे गेली आणि त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्पादन थांबविण्याची घोषणा झाली; शेवटचे विमान डिसेंबर २०२१ मध्ये दिले गेले. बोइंग ७४७ चे उत्पादनही १,५७४ विमानांनंतर थांबले आणि शेवटचे विमान ३१ जानेवारी २०२३ रोजी रवाना झाले. तेही मालवाहू होते. सिंगापूर एअरलाइन्सची पहिली ए-३८० विमाने दहा वर्षे चालली. पुढे त्यांतली दोन, दुसरे कोणी घेईना म्हणून, फ्रान्समध्ये तार्ब येथे मोडीत काढली. दारूखान्यात जहाजे मोडतात ती पंचवीस-तीस वर्षे चाललेली असतात. एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोंपैकी एक एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचे उडाले, सुटे भाग होण्यासाठी अमेरिकेला. उड्डाण करताना वैमानिकाने पंख हलवून निरोप दिला. त्यांच्या पंखाखाली उभ्या राहून ज्या कामगारांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, त्यांच्या डोळ्यांना पाणी आले असेल तर ते आम्ही समजू शकतो.

भरतीचा विचार न करता मोठेपणाचा सोस केला की काय होते, याचा एक धडा आपल्या देशातलाच आहे. २००५ साली किंगफिशर एअरलाइन्सने पाच ए-३८० विमानांची मागणी नोंदविली. मोठी वाहवा झाली. त्यांतले एकही विमान आले नाही. २०१२ मध्ये कंपनीच बंद पडली आणि कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले. आकाशातला दुमजली महाल कागदावर राहिला आणि खाली कामगारांच्या घरचे भाडे थकले.

तथापि महाकाय विमान संपले, असे मात्र कोणी समजू नये. २०२० च्या साथीत वाळवंटात उभी केलेली कित्येक ए-३८० पुन्हा उडू लागली, कारण प्रवासी परतले आणि नवी विमाने वेळेवर मिळेनात. मुंबईलाही हे विमान परके नाही. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्याच्यावरची बंदी उठविली. त्याच वर्षी मे महिन्यात सिंगापूर एअरलाइन्सचे आणि जुलैमध्ये एमिरेट्सचे ए-३८० मुंबईला येऊ लागले.

येथे आम्ही तिसऱ्या प्रश्नावर येतो. आम्हांला तो मुख्य वाटतो. पोट कोणाचे भरणार?

एस.टी.चेच उदाहरण पुढे नेऊ. वाटेवरच्या गावाला थांबा असतो आणि उरणला आगार आहे. थांब्याला काय लागते? एक खांब, एक पाटी, फार तर एक पत्र्याची शेड. गाडी येते, माणसे चढतात, गाडी जाते. आगाराला काय लागते? मेकॅनिक, टायरवाला, वेल्डर, हिशेबनीस, चालक-वाहकांच्या पाळ्या, उपाहारगृह, रात्रपाळीचा पहारेकरी. गाडी तीच, रस्ता तोच. पण थांब्याच्या गावाला गाडी मिळते आणि आगाराच्या गावाला गाडीबरोबर भाकरीही मिळते.

महाकाय विमानांचा सारा धंदा आगाराच्या तत्त्वावर चालतो. ज्या नाक्यावर माणसे गोळा करायची, तेथे विमाने मुक्कामाला राहतात, तेथे त्यांची देखभाल होते, तेथे स्वयंपाकघरे चालतात, तेथे वैमानिक आणि कर्मचारी राहतात. मुंबईचा माणूस दुबईला विमान बदलून न्यूयॉर्कला जातो तेव्हा तिकिटाचे पैसे मुंबईत निघतात आणि काम दुबईला उभे राहते. भारत आणि दुबई यांच्यातील करारात आठवड्याला दोन्हीकडच्या कंपन्यांना प्रत्येकी पासष्ट हजारांच्या आसपास आसने ठरली आहेत. मोजणी आसनांची आहे, विमानांची नाही. म्हणजे विमान मोठे आले म्हणून आसने वाढत नाहीत; तेवढीच आसने थोड्या फेऱ्यांत जातात. दुबईला दोष देण्याचे कारण नाही. तिने आगार बांधले. आपण थांबा होऊन समाधान मानले.

आणि मुंबईला आगार नव्हते, असेही नाही. एअर इंडियाचे जंबो सांताक्रूझ-कलिन्याच्या हँगरमध्ये उघडले जात, तपासले जात आणि आपल्याच कामगारांच्या हातून पुन्हा जोडले जात. ते कसब पोथीतून आलेले नव्हते. जुन्या कारागिराने नव्याच्या हाताला धरून शिकविलेले होते. विदर्भात नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ साली देखभालीचे मोठे केंद्र सुरू झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा देखभालीची कंपनी त्या विक्रीतून वेगळी काढून सरकारकडे ठेवण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या मालकांनी ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्यांत चार इंजिनांचे एकही नव्हते. ही विमाने कुठेतरी मुक्कामाला राहणार, कुठेतरी उघडली जाणार. कुठे? हा आपला प्रश्न आहे.

आता आम्ही स्वतःच्या एका चुकीची कबुली देणार आहोत. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. पुढे तेथे मोठमोठी जहाजे येऊ लागली, तेव्हा आम्ही तरुण होतो. नवे मोठे जहाज लागणार असे कळले की आम्ही कामगार नारळ घेऊन धक्क्यावर जात असू. आमचा हिशेब सरळ होता: जहाज मोठे, म्हणजे काम मोठे, काम मोठे, म्हणजे माणसे जास्त. हिशेब चुकला. जहाज मोठे झाले तशी क्रेन मोठी झाली. जो माल उतरवायला पूर्वी टोळीच्या टोळीला दिवस लागत, तो पेटाऱ्यात बंद होऊन दोन-तीन मिनिटांत उचलला जाऊ लागला. जहाज दुप्पट झाले आणि हात निम्मे झाले. विमानातही तेच घडले. जंबोबरोबरच विमानाच्या पोटात साचेबंद पेटारे आले आणि एक-एक बॅग हाताने रचणारा माणूस कमी झाला. २०२२ मध्ये ह्या बंदराने स्वतः चालविलेला शेवटचा धक्काही खाजगी कंपनीकडे गेला आणि बंदर केवळ जमीनदार राहिले. जमीन मूळची कोणाची, हे ह्या सभेत सांगायला नको.

आमची चूक यंत्राचे स्वागत करण्यात नव्हती. स्वागत करताना अटी विचारल्या नाहीत, ही चूक होती. नारळ फोडण्याआधी विचारायला हवे होते की, क्रेनवर कोण बसणार? त्याला कोण शिकविणार? तो कायम की कंत्राटी? आम्ही हे प्रश्न दहा वर्षे उशिरा विचारले. तोपर्यंत उत्तरे दुसऱ्यांनी लिहून ठेवली होती.

गेल्या पावसाळ्यात जवळच्या गावचा एक मुलगा आमच्याकडे आला. वडिलांनी मोबदल्याच्या भूखंडातला हिस्सा विकून त्याला विमान देखभालीचा अभ्यासक्रम शिकविला होता. हातात प्रमाणपत्र होते. काम मिळत होते ते ट्रॉल्या ढकलण्याचे, ठेकेदाराकडे, सहा महिन्यांच्या कागदावर. ठेकेदाराचे नाव घेण्यात अर्थ नाही. नावे बदलतात, कागद तोच राहतो. मुलगा म्हणाला, "काका, ट्रॉली ढकलायला लाज नाही वाटत. पण जमीनही दिली आणि शिकलोही. आता आणखी काय द्यायचं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजचे भाषण ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

१९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या हक्कासाठी हा तालुका रस्त्यावर आला. जासई आणि नवघर-पागोट्याच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्ताच्या मोलाने साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. ती जमिनीच्या हक्काची लढाई होती. आमची नम्र सूचना अशी की, आता कामाच्या हक्काचीही तशीच मोजदाद झाली पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. विमानतळाच्या आवारात विमाने मुक्कामाला राहतील आणि उघडली जातील, अशी देखभालीची आगारे व्हावीत. त्यांतील कसबी कामाचे शिक्षण उरण-पनवेलच्या मुलामुलींना येथेच, नोकरीच्या हमीसह मिळावे. जे काम रोज आणि बारमाही आहे, ते करणारा माणूस सहा महिन्यांच्या कागदावर नसावा. आणि भरावामुळे ज्यांची मासेमारीची खाडी गेली, त्या कोळी-आगरी कुटुंबांना ह्या भरतीत आधी विचारावे. कारण त्यांच्यापैकी अनेकांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, म्हणून भूखंडाच्या यादीतही आले नाही.

कोणी म्हणेल, "आधी मोठी विमाने येऊ द्या, मागण्या मग करा." आम्ही बंदरावर हेच केले आणि फसलो. दुसरे कोणी म्हणेल, "विमानतळच नको होता, टेकडी गेली, नदी वळली, दहा गावे उठली." त्यांचे दुःख खरे आहे आणि त्याला आम्ही कधी खोटे म्हणणार नाही. पण जे गेले त्याचा मोबदला केवळ गोंगाट आणि धूळ असू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आपल्याकडे आगर म्हणजे मीठ पिकण्याची जागा. आगरी हे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात. खाऱ्या पाण्यातून आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढले. समुद्र सर्वांच्याच दारी येतो. पण ज्याने बांध घातला, कप्पे पाडले आणि उन्हात राबून पाणी अडविले, त्याच्याच पदरी मीठ पडले. विमानेही येतील, दुमजली येतील किंवा एकमजली येतील, चार इंजिनांची किंवा दोन. ती डोक्यावरून नुसती जाऊ द्यायची की बांध घालायचा, हे ठरविण्याची वेळ धावपट्टीची धूळ खाली बसण्याआधीची आहे.

तेव्हा श्रोतेहो, उद्या कोणी पुढारी किंवा अधिकारी आपल्या गावात येऊन विमान केवढे मोठे उतरणार हे सांगू लागला, तर त्याला चहा द्या, त्याचे ऐकून घ्या आणि मग एवढेच विचारा, "साहेब, आमच्याकडे थांबा की आगार?" उत्तर लेखी मागा.

 शेवटच्या लाँचची वेळ होत आली आहे. पलीकडच्या मंडळींना आता अधिक अडवीत नाही.